लाल रेघेवरची एक वीत

मी बुटक्या पुलाच्या तोंडाशी उभी असलेली, पुराचं पाणी मोजायची पट्टी बोलतेय. मी खोटी होते तेव्हा सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. खरी झाले आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. हे आधी बोलून घेते, मग बाकीचं.

मी लोखंडाची. छातीएवढी उंच, अंगावर काळे-पांढरे पट्टे, मध्ये एक लाल रेघ. पुलाला कठडे नाहीत. आठ महिने त्याच्याखाली नुसती वाळू, उरलेले चार महिने नदी त्याच्या डोक्यावरून जाते. पाणी लाल रेघेला टेकलं की गाडी थांबवायची. एवढंच माझं काम.

पण मला रोवताना रस्त्याच्या मुकादमाच्या माणसांनी खड्डा वीतभर जास्त खणला. लाल रेघ खाली बसली. रेघ बुडायची तरी पुलावर गाडी सहज जाईल इतकंच पाणी असायचं. चार दिवस बसवाले थांबले, मग त्यांनीच तोडगा काढला. "हिची एक वीत वजा करायची," असं जुने ड्रायव्हर नव्यांना शिकवू लागले. तीन वर्षं असंच चाललं. मला लाज वाटायची, पण कुणी बुडालं नाही.

मुकादमाला लोक 'उद्या मुकादम' म्हणायचे. खड्डा कधी बुजवणार? उद्या. दरड कधी उचलणार? उद्या. यंदा उन्हाळ्यात मात्र तो भर दुपारी एका गड्याला घेऊन आला. मोठे साहेब तपासणीला येणार होते ना! मला उपटलं, वीतभर वर घेतलं, पायाशी ताजं सिमेंट ओतलं, टेप लावून मोजलं.

"आता खरी झालीस. सगळ्यांना सांगायला हवं," तो पुटपुटला. मग घाम पुसत म्हणाला, "पण विचारतील, आधी चुकलं कुणाचं? बघू. उद्या सांगतो."

पावसाळा अर्धा सरला तरी त्याचा तो उद्या उगवला नाही.

त्या दिवशी इथे लख्ख ऊन होतं. पाऊस वर डोंगरात कोसळत होता. असलं पाणी फार वाईट, आभाळाकडे बघून माणूस गाफील राहतो. दुपारची बस आली तेव्हा पाणी लाल रेघेच्या चार बोटं वर होतं. यंदा इतकं ते पहिल्यांदाच चढलेलं. कंडक्टर अक्का खाली उतरली. पुढच्या बाकावर तिची म्हातारी आई होती, आदल्याच दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन झालेली, डोळ्यावर कापूस बांधलेला.

अक्काने सवयीने माझ्या डोक्यावर कोपर टेकवायला हात उचलला आणि दचकली.

"अरे मेल्या, ही उंच झालीय!" ती ड्रायव्हरला ओरडली. "माझं कोपर टेकायचं हिच्यावर. आज खांद्याला लागतेय."

"अक्का, लोखंड वाढतं का? लेकरू आहे काय ते?"

बसभर हशा.

"थांब म्हणते ना!"

"वीत वजा कर की. बारा बोटांची वीत, चार चढली, अजून आठ हातात आहेत आपल्या."

"अहो बाई," मागून कुणीतरी खेकसलं, "तुमच्या गप्पांत पाणी चढेल, मग बसा इथेच!"

आई म्हणाली, "काय गं, काय दिसतंय?"

"पाणी, आई."

"मग उभी का? घरी चल. औषध घालायची वेळ झाली."

मी ओरडत होते. पण लोखंडाचं ओरडणं म्हणजे पाण्याचा खळखळाट, तो कोण ऐकतो? अक्काने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आत चढली आणि दोरी ओढली. दोन घंट्या वाजल्या.

बस मध्यावर गेली आणि मागचं चाक घसरलं. कडेच्या दगडाला अडकली म्हणून नदीत गेली नाही, तिरकी झाली. दारातून गढूळ पाणी आत शिरलं. काठावरच्या लोकांनी दोर टाकला. एकेक करून सव्वीस जण निघाले. शेवटी अक्का, पाठीवर आईला घेऊन. जीव सगळ्यांचे वाचले. आईच्या ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात चिखलाचं पाणी गेलं. तो डोळा गेला.

पाणी ओसरल्यावर चौकशी माझ्याच पुढ्यात झाली. अक्का आईला हाताला धरून आली होती. लोक म्हणाले, पट्टीच खोटारडी. ड्रायव्हर म्हणाला, घंटी अक्काने दिली. चौकशीला आलेल्या साहेबांनी लिहायला घेतलं, कंडक्टरचा निष्काळजीपणा. म्हणजे अक्काची नोकरी गेलीच.

"घंटी मीच दिली," अक्का म्हणाली. "आईचा डोळा माझ्या हाताने गेला, ते कुणी मला शिकवू नका. पण साहेब, ही उंच झालीय. जरा वाका आणि हिच्या पायाशी बघा."

साहेब वाकले. खाली जुनं काळं सिमेंट, त्यावर नवं पांढरं. टेप लावली. लाल रेघ बरोब्बर जिथे हवी तिथे.

"हे केलं कुणी? आणि सांगितलं का नाही?"



बाबांनो, मला रंग देऊ नका, गंजू द्या खुशाल. पण चुकलेलं नीट कराल, तर त्याच दिवशी चारचौघांच्या कानावर घाला. लाज दोन दिवसांची असते. डोळा परत येत नाही.

गर्दीतून एक माणूस हातातलं घमेलं खाली ठेवून पुढे आला. अक्काच्या आईकडे त्याने एकदा बघितलं, मग मान खाली घातली.

"अक्काचं नाव खोडा, साहेब."

"मग कुणाचं लिहू?"

लोक ज्या नावाने हाक मारायचे, तेच त्याने सांगितलं.

"उद्या मुकादम."