दाट की पातळ

कपात चहा पडला आणि तळाची खडीसाखर तडकली. तेवढाच काय तो आवाज. स्वयंपाकघरात तिघं होती. टोम्मा किटली धरून उभी, तिचे वडील हाब्बो खिडकीकडे तोंड करून बसलेले, आणि तिची चिमुरडी लेक फेन्ना टेबलाखाली लाकडी गाईंचा गोठा मांडण्यात दंग.

मग पपांना खोकला आला. कोरडा, आतून खरवडून काढणारा.

"तुझं ते यंत्र," श्वास गोळा करत ते म्हणाले, "घशाला काथ्यानं घासल्यासारखं करतं. सिगारेटनं असं कधी केलं नव्हतं हो."

"सिगारेटनं पायाचं काय केलं तेही सांग ना मग."

"पाय खाली, घसा वर. त्या दोघांची ओळखसुद्धा नाही."

टेबलाखालून फेन्ना खिदळली. टोम्माला हसू आलं नाही. पपांच्या डाव्या पोटरीवरचा व्रण अजून लाल होता. आतली शीर बंद पडली म्हणून डॉक्टरांनी तिथं दुसरी बसवली होती, आणि निघताना बजावलं होतं की सगळंच सोडलंत तर उत्तम, नाही जमलं तर निदान ही वाफेची सिगारेट ओढा; पण तंबाखूचा धूर पुन्हा आत गेला तर ही शीरही बुजेल.

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास का?" ती म्हणाली. "पुन्हा पाय वाचवता येणार नाही. कापावा लागेल."

टेबलाखालच्या गाई हंबरायच्या थांबल्या.

"पोरीसमोर कशाला," पपा पुटपुटले. त्यांनी कपाच्या कडेनं साय सोडली आणि ती ढगासारखी वर येईपर्यंत बघत राहिले. जर्मनीतल्या एम्डेनच्या बंदरात अख्खी हयात क्रेन चालवलेला माणूस. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात स्वतः वळलेली सिगारेट. दुपारच्या चहाचे तीन कप आणि त्या सिगारेटी, एवढंच त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलं होतं. त्यातलं एक तिनं काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेशेच्या दुकानात गेली. गेशे तिची शाळेतली मैत्रीण, आता वाफेच्या सिगारेटी आणि त्यांचं सामान विकायची. पपांसाठीचं मिश्रण टोम्मा घरीच करायची; इथली बरीच माणसं करतात. आधी बेस, म्हणजे ज्याची वाफ होते ते बिनवासाचं द्रव; मग त्यात निकोटीन, मग तंबाखूच्या वासाचे चार थेंब.

"खोकतात म्हणतेस?" गेशेनं दोन बाटल्या समोर ठेवल्या. "तू आतापर्यंत जास्त करून हा पातळ घालत होतीस. प्रॉपिलीन ग्लायकॉल. भराभर वातीत चढतो, घशाला सिगारेटसारखा झटका देतो, पण घसा कोरडा करतो. हा दाट, ग्लिसरीन. मऊ, जरा गोडसर."

"मग दाटच दे."

"अगं बाई, ऐकून तर घे. त्यांचं यंत्र पेनाएवढं, त्यातली कापसाची वात बारीक. नुसतं दाट तिच्यात चढत नाही. निम्मं-निम्मं कर. फार तर दाट थोडं जास्त आणि वर जरासं शुद्ध पाणी. आणि हे बघ, मिश्रण केलंस की अंधाऱ्या कपाटात ठेव. मुरू दे. तू ना, शाळेत केक ओव्हनमधून काढल्या काढल्या कापायचीस."

टोम्मानं मान डोलावली. सगळं नीट समजलं होतं तिला.

फेन्नाला बालवाडीत सोडून आल्यावर तिनं खिडकी उघडली, हातमोजे घातले, वरच्या फळीवर चिनीमातीच्या भांड्यांमागे दडवलेली निकोटीनची कुपी काढली. मुलांना उघडता येऊ नये असं तिचं झाकण. दाबून फिरवावं लागे. ते नीट बसलंय का, हे ती प्रत्येक वेळी दोन-दोनदा बघायची. घरात एक पोर, एक म्हातारा, आणि दोघांना सांभाळायला ती एकटी. जरा कुठं हात चुकला की संपलं, असं तिला सारखं वाटायचं.

दाट बेस मधासारखा सावकाश ओघळला. तिनं पातळची बाटली उचलली, तिरकी केली.

भिंतीपलीकडे पपा खोकले.

तिचा हात थांबला. एकदा खोकले, पुन्हा खोकले. आता उठतील, कोट चढवतील, कोपऱ्यावरच्या टपरीतून तंबाखूचं पाकीट घेऊन येतील. खोकल्याच्या प्रत्येक उबळीला तिच्या डोळ्यांपुढं तो कोट यायचा. पातळ नकोच. थेंबभरसुद्धा नको. त्यांच्या घशाला खरखरीत असं काहीच लागू नये. तिनं बाटली खाली ठेवली आणि सगळं दाटच भरलं. मुरायलाही ठेवलं नाही. यंत्रात घालून लगेच त्यांच्या हातात दिलं.

पपांनी ओढून पाहिलं. भुवया वर गेल्या.

"हं. लोण्यासारखं आहे."

"खरं?"

"तुझी शपथ. जा आता, माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस? मी काय परीक्षेचा निकाल आहे?"

त्यानंतर खोकला थांबला. घर एकदम शांत झालं. टोम्मा त्या शांततेत कान देऊन बसायची आणि हळूहळू तिच्या खांद्यांतला ताठा सैल व्हायचा. फेन्नाचे मोजे रफू करताना ती गुणगुणली, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

मग एका दुपारी पपांनी पहिला कप संपवला आणि रिकाम्या कपात चमचा उभा ठेवला.

टोम्माच्या हातात किटली तशीच राहिली. कपात चमचा म्हणजे बस, आता नको. परका पाहुणासुद्धा तीन कपांआधी चमचा ठेवत नाही, आणि पपांनी तर तीन कप कधी चुकवले नव्हते.

"पपा, एकच?"

"म्हातारपणी पोट लहान होतं." ते उठलेसुद्धा. "धक्क्यावर जाऊन येतो. फेन्नाला समुद्रपक्षी दाखवतो."

"जन्मल्यापासून बघतेय ती ते पक्षी."

"मग पक्ष्यांना फेन्ना दाखवतो. चल गं, टोपी घाल."

दार लागलं. टोम्मानं टेबल आवरलं, पुसलं, पुन्हा पुसलं. खिडकीत जिरेनियमच्या कुंडीआड ते यंत्र पडलं होतं. तिनं उचलून उजेडात धरलं. टाकी जवळजवळ भरलेलीच. तिनं भरली होती तिथून रेषभर खाली, बस.

तिनं ते कधी तोंडाला लावलं नव्हतं. बटण दाबून नुसतं नाकाशी धरलं. इस्त्री कापडावर विसरावी तसा जळक्या कापसाचा वास आला. वात सुकली होती, जळली होती. पहिले झुरके आधीच्या ओलीवर निघाले असणार. त्यानंतर पपांच्या तोंडात नुसता हाच जळका वास. आणि तिचं मन मोडू नये म्हणून ते म्हणत राहिले, लोण्यासारखं आहे.

खोकला बरा झाला नव्हता. पपांनी यंत्र ओढायचंच सोडलं होतं. मग ते काय ओढत होते?

ती यंत्र मुठीत धरून उभी राहिली. गेशेनं सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं.

दार वाजलं. पपा तिच्याकडे न बघता आपल्या खोलीत गेले. डावा पाय किंचित ओढत, की तिलाच तसा भास झाला, कोण जाणे. फेन्ना बूट काढायला जमिनीवर बसली. तिच्या टोपीची गाठ सोडायला टोम्मा खाली वाकली आणि थबकली. लोकरीत समुद्राचा खारा वास होता, आणि त्याच्याखाली तो दुसरा, तिला लहानपणापासून ओळखीचा.

"आई, तू रडतेयस?"

"नाही गं. वारा लागला."

"घरात?"

टोम्मानं तिला जवळ ओढलं. फेन्नानं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आजोबा म्हणाले, धक्क्यावरची गंमत आपल्या दोघांचीच. आईला सांगायची नाही. मी नाही सांगितली." तिचा श्वास गरम लागत होता. "मी डॉक्टरांनापण नाही सांगणार, कध्धीच. मग नाही ना कापणार ते आजोबांचा पाय?"