जनाज्याला कोण येणार

वलीभाईच्या गादीच्या दुकानात अलीकडे गिऱ्हाईक कमी आणि वसुलीवाले जास्त यायचे. अमरावतीत वलगाव रोडला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिथून सगळं फिसकटलं. फोमच्या गाद्यांनी धंदा खाल्ला, घराचा हप्ता मात्र वाढतच गेला. हप्त्यासाठी मोबाईलवरून कर्ज, ते फेडायला दुसरं, असं करता करता आभाळच फाटलं; ठिगळ लावणार कुठे? शेवटी फायनान्स कंपनीने घर लिलावात विकलं आणि वर सांगितलं, अजून बाकी आहेच. म्हणजे घर गेलं नि कर्ज राहिलं! वली, बायको हमिदा आणि पोरगा उसामा दुकानामागच्या खोलीत येऊन पडले.

तिथेही सुटका नव्हती. वसुलीची पोरं दुकानासमोर उभी राहून आईबहिणीवरून बोलायची. हमिदाच्या बापाला अकोल्याला फोन करून सांगायची, तुमचा जावई चोर आहे. म्हाताऱ्याने लेकीला फोन करणंच सोडलं.

तेव्हा वकील सीमाताईंनी मार्ग दाखवला. "वलीभाऊ, कोर्टात नादारीचा अर्ज करा. एकदा कोर्टानं नादार ठरवलं, का कोणी तुमच्या दारात उभं राहू शकत नाही. तुमच्याजवळ जे असेल ते कोर्टाचा रिसीव्हर ताब्यात घेईल आणि सगळ्या घेणेकऱ्यांत वाटेल. कापूस पिंजायची मशीन पोटाचं साधन आहे, ती राहील."

वलीला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेने मेलेला माणूस तरी हप्ते कुठे भरतो?

एक गोष्ट मात्र त्याच्या मनातून जाईना. बाप गेला तेव्हा जनाज्याच्या नमाजेआधी वली सगळ्यांपुढे उभा राहिला होता. रीतच आहे ती. माझ्या बापाकडे कोणाचं घेणं असेल तर मला सांगा, मी देईन, नाहीतर त्याला माफ करा. रडत रडत त्याने ते म्हटलं होतं, आणि पुढे आलेल्या किराणावाल्याची उधारी नंतर पै न् पै फेडली होती. उद्या त्याच जागी उसामा उभा राहील. कोर्ट माफ करेल हो, पण माणसांचं काय?

मग त्याने आपल्यापुरता विचार केला. कंपनी काही जनाज्याला यायची नाही. मोबाईलवाल्यांना तर तोंडच नाही. येईल ती एकटी तिवस्याची पार्बताबाई.

पार्बताबाई त्याच्या गोधड्या, रजया आठवडी बाजारांत विकायची. घराचा इसार द्यायला त्याला पैसे कमी पडले तेव्हा तिने दोन म्हशी विकून दिले होते. ना कागद, ना व्याज. "तुह्या डोक्यावर छप्पर झालं म्हंजे मले पावलं," एवढंच म्हणाली होती. अशी बाई मयतीला पहिल्या एसटीने येईल, बायांत बसून रडेल आणि पैशाचा शब्द काढणार नाही. तिचं ते न बोलणं पोराला जड जाईल.

हमिदाने न मागता बांगड्या काढून दिल्या. अर्जाच्या आधी त्या विकून वलीने पार्बताबाईचं सगळं देणं चुकतं केलं. सीमाताईंना सांगितलं नाही. चांगल्या कामाचा काय डांगोरा पिटायचा! पार्बताबाईने त्या पैशांतून डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि घरावर नवे पत्रे टाकले.

अर्ज मंजूर झाला. वसुलीची पोरं गायब झाली, फोन मुका झाला. हमिदाचा बाप अकोल्याहून भेटायला आला, तेव्हा तिने शिरखुर्मा केला. घरात जणू ईदच होती.

पुढे रिसीव्हरने शपथेवर विचारलं, अर्जाआधीच्या महिन्यांत काय विकलं, कोणाला दिलं? खोटं बोलायला वली शिकला नव्हता. उलट छाती फुगवून सांगितलं, "हाव साहेब, गरिबाचं होतं, ते पयले फेडलं."

सीमाताईंनी कपाळाला हात लावला. कंपनीचा वकील ताडकन उठला. सगळे घेणेकरी सारखे असताना एकीलाच सगळं कसं दिलं? ते परत आणा. कायदा त्याच्याच बाजूने होता. पार्बताबाईवर हुकूम निघाला, आणि कोर्टाने दया केली ती एवढीच, की हप्ते पाडून दिले.

"मी भरतो ना तिचे हप्ते!" वली कळवळून म्हणाला.

"तुमच्याजवळचा पैसा आता तुमचा नाही, वलीभाऊ," सीमाताई म्हणाल्या. "तुम्ही चोरून दिला, तर पुन्हा तिच्याच मागे लागतील."

पहिल्या हप्त्याच्या दिवशी पार्बताबाई एसटीने आली. डोळ्यांवर काळा चष्मा, पदराला गाठ. वली स्टँडवर घ्यायला गेला होता. त्याला तिच्याकडे पाहवेना.

"काहून रे, म्या चोरी केली का?" तिने विचारलं. "तूनंच तं आणून देल्ले होते."

"तुमची काही चूक नाही, मावशी. माहीच अक्कल गेली."

"पत्रे विकले म्या. बुढीले काय, ताडपत्रीखाली बी झोप येते." मग थोडं थांबून म्हणाली, "तुले तं कोणी तरास देत नाही ना आता?"

"नाही," वली म्हणाला.

हात धरून तो तिला कोर्टाच्या पायऱ्या चढवून रिसीव्हरच्या खोलीपर्यंत घेऊन गेला. दारातल्या शिपायाने दोघांकडे पाहिलं.

"नादार कोण?"

"मी."

"मंग तुमी बाहीर बसा. तुमाले काई भराचं नाही. आजी, तुमी या आत."

पार्बताबाईने त्याचा हात सोडला आणि भिंत चाचपत आत गेली. वली बाकावर बसून राहिला.