दोन्ही डाव्या बाह्या

"आ कर. अजून. आता जीभ वर."

आईने निमूटपणे आ वासला. लेकीने मोबाइलचा दिवा तिच्या तोंडात मारला, डावा गाल पाहिला, उजवा गाल पाहिला, जिभेखाली पाहिलं, आणि काहीच सापडलं नाही म्हणून जास्तच वैतागली.

"मग हे कसं झालं?" तिने टेबलाकडे बोट दाखवलं.

कापायच्या टेबलावर तिच्या नव्या कोटाच्या बाह्या पडल्या होत्या. दोन्ही डाव्या. कापड बेताचंच होतं, म्हणून आईने घडी न घालता एकेक बाही वेगळी कापली, आणि दुसऱ्या वेळी कागदी साचा उलटा करायला विसरली. अर्ध्या गावाचे कपडे शिवणारी बाई! शिकाऊ मुलीही अशी चूक एकदाच करतात. वादविवाद स्पर्धेत घालायचा कोट, आणि लेकीच्या नशिबी दोन डावे हात.

"साखरपाणी दे आधी," आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "मग फाशी दे."

आईला मधुमेह होता, आजकालचा नव्हे, लेक पाटीवर रेघोट्या मारायची तेव्हापासूनचा. त्याच्या गोळ्या चालू होत्या. मग अचानक साखर उतरू लागली. बाबांना वाटलं, आपण रोज सकाळी तिला ओढून फिरायला नेतो त्याचंच हे फळ. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते तेच ऐकवत सुटले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कमी केल्या, मग बंदच केल्या. तरी साखर खालीच. न्याहारीला जरा उशीर झाला की आई घामाघूम व्हायची, समोरच्या माणसाच्या आरपार बघायची, काहीतरी भलतंच बोलायची. साखरपाणी पोटात गेलं की पुन्हा ताळ्यावर.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं होतं, साखर पुन्हा वाढेल या भीतीने त्या चोरून गोळ्या घेत नाहीत ना? काही जण घेतात. बाबांनी घरी येऊन ते लेकीच्या कानात सांगितलं, आणि तिथेच चुकलं. कारण लेक नुकतीच शाळेच्या वादविवाद संघात निवडली गेली होती, आणि समोर दिसेल त्याची उलटतपासणी घेत होती. उरलेल्या गोळ्या तिने मोरीत ओतल्या. बॉबिनचा डबा उपसला, मशीनचा खण उपसला, औषधाच्या दुकानदारालाही दम देऊन आली. आई तिला वकिलीणबाई म्हणायला लागली होती. "वकिलीणबाई, आरोपीला चहा मिळेल का?" असं विचारायची. लेकीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. जिच्या हातून साधी सुई हरवत नाही, ती बाई धडधडीत खोटं बोलते, आणि वर थट्टाही करते!

बाह्यांच्या प्रकारानंतर डॉक्टरीणबाईंनी आईला दवाखान्यात ठेवून घेतलं. नुसतं पाणी द्यायचं, खायला काही नाही, आणि साखर उतरली की त्याच क्षणी रक्त घ्यायचं, असं ठरलं. नर्सने पिशवी तपासली, उशी झटकली. बाबांची कामाची पाळी होती म्हणून लेक खुर्चीत बसली, मांडीवर भाषणाचे मुद्दे घेऊन.

"आता तरी सांगून टाक," ती हळूच म्हणाली. "मी बाबांनाही सांगणार नाही."

"काय सांगू? न गिळलेली गोळी ओकू कशी?" आईने भिंतीकडे कूस वळवली.

दुपार कलली तशी आई उठून बसली. चादरीवर वीत टाकून काहीतरी मोजू लागली. पुन्हा पुन्हा तेच. लेकीने तिचा हात धरला, तर तो ओलागार लागला. आईने वर पाहिलं. अगदी नम्रपणे, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"बसा ना ताई. तुमची मापं घ्यायची राहिलीत."

लेक ओरडत बाहेर धावली. नर्स आली, रक्त घेतलं, मग शिरेतून साखर दिली. थोड्या वेळाने आईने विचारलं, "तू का रडतेस ग? भाषण विसरलीस?"

अहवाल आले तेव्हा तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. रक्तात गोळीचा मागमूस नव्हता. इन्शुलिन मात्र भरमसाट होतं, आणि ते आईचं शरीरच बनवत होतं. स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ होती. तीच वेळी-अवेळी इन्शुलिन सोडत बसली होती. मधुमेहाच्या माणसाला अशी गाठ होणं फारच दुर्मीळ, म्हणून आमचीही नजर आधी गोळ्यांकडेच गेली, असं त्या म्हणाल्या. गाठ काढता येईल.

"म्हणजे माझं ते फिरायला नेणं..." बाबांनी विचारलं.

"ते चालू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली नाही. लेक फरशीचे सांधे न्याहाळत राहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. मग साखर वाढली, चांगली दणकून वाढली, आणि ज्यांनी ती उतरावी म्हणून देव पाण्यात ठेवले होते तेच बाबा फोनवर सगळ्यांना "वाढली, वाढली" म्हणून सांगत सुटले. आई घरी आली ती मधुमेह आणि नवी गोळी घेऊनच.

टाके भरून आल्यावर तिने पहिल्यांदा कोट बाहेर काढला. उरलेल्या चिंध्या जुळवून उजवी बाही बेतली.

"काखेत जोड येईल," ती म्हणाली. "बोलताना हात वर केलास तर दिसेल."

"दिसू दे."

"स्पर्धेला?"

"दिसू दे म्हटलं ना."

लेक समोर बसून टाचण्या लावू लागली. आईने पेला भरून घेतला, गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली. मग लेकीसमोर वाकली, सवयीने आ वासला, जीभ वर केली आणि तशीच थांबली.

टाचणी लेकीच्या बोटात रुतली.

"मिट ना ग आता," ती मान खाली घालून म्हणाली.

आईने मिटलं नाही.