कारखाना उघडायचा, पण कसा?

सोमवारपासून लहान कारखाने सुरू करायला परवानगी मिळणार, अशी बातमी आली आणि ताईंच्या स्वयंपाकघरात वादाला तोंड फुटलं.

ताईंचा शाळेच्या गणवेशांचा शिवणकारखाना होता. घराच्याच खालच्या मजल्यावर एक लांबट हॉल, भिंतीला लागून शिलाई मशिनं आणि एका टोकाला कापड कापायचं मोठं टेबल. साथ आली, टाळेबंदी लागली आणि तेव्हापासून मशिनांवर चादरी पडल्या होत्या. ताईंचे यजमान जहाजावर नोकरीला, ते कुठल्याशा बंदरात अडकलेले. घरात ताई, धाकटे दीर आणि सासूबाई. सासूबाईंनी सगळी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. शिस्त अशी कडक की कारखान्यातल्या बायका पाठीमागे त्यांना ‘मेट्रन’ म्हणायच्या. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

“उघडायचा म्हणजे उघडायचा!” दीर म्हणाले. “सगळी मशिनं, सगळी माणसं. परवानगी आली ना? मग आता कसली वाट बघायची?”

“परवानगी देणारे आपल्या हॉलमध्ये येऊन बसणार आहेत का?” ताई म्हणाल्या. “अजून रोज माणसं जातायत, भाऊजी. रोग संपला असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“रोग संपायची वाट बघत बसलो तर आधी आपणच संपू, वहिनी!”

“मग संपू. पण माणसं घालवून धंदा नको मला.”

दोघांचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. दीरांना धंदा बुडायची भीती होती. ताईंची भीती निराळी होती. त्यांची सख्खी मावशी याच साथीत गेली. शेवटचं तोंड पाहिलं ते फोनवर, तेही चित्र मध्येच अडकलं. तेव्हापासून ताई भाजीची पिशवी धूत, दाराची कडी धूत, धुतलेले हात पुन्हा धूत. सासूबाईंच्या खोलीतून साधी शिंक ऐकू आली तरी त्या दाराशी धावत जात. मेट्रनचं वय झालेलं, त्यात साखरेचा त्रास. हा आजार वरच्या मजल्यापर्यंत पोचला तर? या विचाराने ताईंची झोप उडाली होती.

मेट्रननी चहाचा कप खाली ठेवला.

“तुम्ही दोघं ‘कधी’ यावरून भांडताय. ‘कसं’ याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दवाखान्यात नवीन वॉर्ड सुरू करायच्या आधी आम्ही तो एक दिवस रोग्याशिवाय चालवून बघायचो. तसंच करा. चार माणसं बोलवा, एक सकाळ काम करू द्या. मी कोपऱ्यात बसून बघते.”

“तुम्ही अजिबात खाली यायचं नाही, आई!”

“मग कोण बघणार? तुझा दीर? त्याला कपाळावरचा चष्मा सापडत नाही.”

मेट्रनपुढे कुणाचं चाललंय? ताईंनी माघार घेतली, पण बंदोबस्त चोख केला. दाराशी ताप मोजायचं यंत्र, प्रत्येकाला मास्क, एक मशिन सोडून दुसऱ्यावर माणूस. आणि कामगारांना स्वतः फोन करून ठणकावलं, “ज्याला ताप निघेल त्याला आल्या पावली परत पाठवीन. आणि त्याचं काम दुसऱ्याला देईन, आधीच सांगून ठेवते!”

वाचकहो, ताईंना नावं ठेवायची घाई करू नका. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याला घाबरवण्यावाचून काही सुचत नाही.

ठरलेल्या सकाळी दोन शिवणाऱ्या, एक काजबटणवाली आणि कटिंग मास्तर आले. मास्तर म्हणजे कारखान्याचा कणा. ताईंच्या लग्नाच्या आधीपासून त्या टेबलाशी उभा राहिलेला, कमी बोलणारा माणूस. यंत्राने चौघांनाही पास केलं. ताईंचा जीव जरा भांड्यात पडला.

काम सुरू झालं. मास्तरांनी टेबलावर कापड अंथरलं, त्यावर पातळ कागदाचे नमुने मांडले आणि सवयीने हॉलच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. पंखाही बंद केला. नमुने वाऱ्याने सरकले की खडूची रेघ हलते आणि अख्खा गठ्ठा वाया जातो, म्हणून कापणी चालू असताना वारा नको, हा तिथला पहिल्यापासूनचा रिवाज. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दाराची कडी दिवसातून दहादा धुणाऱ्या ताईंनाही नाही!

कोपऱ्यातून मेट्रन उठल्या. त्यांनी पदराआडून डास पळवायची एक कॉइल काढली, पेटवली आणि मास्तरांच्या टेबलाशी नेऊन ठेवली.

“मोठ्या बाई, इथे कुठले डास?” काजबटणवाली हसली. “असलेच तर ते मास्तरांना घाबरून गेले!”

सगळे हसले आणि पुन्हा कामाला लागले. धुराची रेघ सरळ वर गेली, छताशी पसरली आणि हळूहळू खाली उतरली. आधी पहिल्या मशिनवाली खाकरली. मग दुसरी. मग काजबटणवालीने डोळे चोळले. पार दाराशी उभ्या असलेल्या ताईंच्याही नाकात तो वास शिरला, मास्क असूनसुद्धा. धुराला बाहेर जायला वाट म्हणून नव्हती.

“मशिनं लांब ठेवलीत ना?” मेट्रन ताईंना म्हणाल्या. “मग तुझ्यापर्यंत कसा आला गं हा? आता हा धूर म्हणजे मास्तरांचा श्वास समजा. समजा, मास्तर आजारी असते तर?”

मशिनं थांबली.

मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली.

“आहे,” ते म्हणाले.

“काय आहे?” दीरांनी विचारलं.

“ताप. परवापासून अंग भाजतंय. सकाळी गोळी घेऊन आलो, म्हणून यंत्राला कळलं नाही.”

अरे देवा! दोघी शिवणाऱ्या खुर्च्या ढकलून दाराकडे धावल्या. ताई किंचाळल्या, “मास्तर! तुम्ही? तुम्ही असं करावं? माझ्या सासूबाई या खोलीत बसल्यात!”

मास्तर भिंतीला टेकले. त्यांना धाप लागली होती. “ताई, तुम्हीच म्हणालात, काम दुसऱ्याला देईन. हातावर पोट आहे माझं. घरात खाणारी पाच तोंडं. ताप आहे असं सांगू कुणाच्या जिवावर?”

मेट्रननी आधी खिडक्या सताड उघडल्या आणि मग दीरांना रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. मास्तरांना प्राणवायू लावावा लागला. चाचणीत काजबटणवालीलाही लागण झाल्याचं निघालं, तिला घरीच वेगळं ठेवलं. आणि ज्याची भीती होती तेच झालं: मेट्रनना ताप भरला! त्यांनी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. ताई दाराबाहेर जमिनीवर बसून राहत आणि आतला खोकला ऐकत. खोकला आला की काळजात धस्स होई आणि बराच वेळ आला नाही की त्याहून जास्त.

“आई, ऐकताय ना? बोला काहीतरी.”

“जिवंत आहे गं. तोंड कोरडं पडलंय, म्हणून कमी बोलते. एवढं सुख घे तू.”

ताईंना हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. “मी आता कारखाना कधीच उघडणार नाही. कुलूप घालते कायमचं.”

दम खात मेट्रन बोलल्या, “घाल. मग मास्तर बरा झाला की दुसऱ्याच्या कारखान्यात जाईल. तिथेही गोळी घेऊनच जाईल. तुझ्या कुलपाने रोग थांबला का? तो फक्त दुसऱ्याच्या घरी गेला.”

“पण त्याने लपवलं, आई!”

“लपवलं, ते चुकलंच त्याचं. पण लपवायला कुणी लावलं? तुझ्या त्या फोनबद्दल मला मास्तरच्या तोंडून कळलं. अगं, आजार सांगितल्यावर भाकरी जाणार असेल तर कोण सांगेल? तू सांगितलं असतंस?”

ताई भिंतीला डोकं टेकून बसल्या. ‘नाही,’ त्यांचं मन म्हणालं. मुलांची पोटं भरायची असती तर मीही गोळी घेतली असती! मास्तरांवरचा राग कुठल्या कुठे गेला. राहिली ती स्वतःचीच शरम. सगळं घर धुऊन काढलं आणि आजाराला आत घेतलं ते आपल्याच धमकीने!

मेट्रनचा ताप उतरला. मास्तरही वाचले, पण चालताना अजून धाप लागत होती. ताई त्यांच्या दारात जाऊन लांब उभ्या राहिल्या. “मास्तर, धमकी द्यायला नको होती मी. चुकलं माझं. पूर्ण बरे व्हा, मगच या. तोवर पगार घरी येईल.” मास्तरांनी नुसते हात जोडले.

कारखाना उघडला, पण बेताबेताने. आधी दोनच मशिनं. खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि कागदाचे नमुने उडू नयेत म्हणून त्यांवर लोखंडी इस्त्र्या ठेवलेल्या. कामाला वेळ जास्त लागे, दीर कुरकुरत, पण इस्त्र्या तेच उचलून देत. सगळं नीट चाललंय असं दिसल्यावर तिसरं मशिन, मग चौथं. शेजारच्या गल्लीत रुग्ण वाढले तेव्हा पुन्हा दोन. आणि आजारी पडलेल्याचा पगार कापायचा नाही, त्याचं काम कुणाला द्यायचं नाही, हे ताईंनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. खरं सांगायचं तर कुणाचा लगेच विश्वास बसला नाही.

एका सकाळी एक शिवणारी फाटकाबाहेरच थांबली.

“ताई, रात्रीपासून घसा दुखतोय. आत येत नाही मी.”

ताईंचा हात आधी तोंडावरच्या मास्ककडे गेला. ती जुनी भीती काही गेली नव्हती, इतक्यात जाणारही नव्हती. पण त्याच क्षणी त्यांचे डोळे भरून आले.

“जा बाई, घरी जा. आराम कर. आणि सांगितलंस, बरं केलंस!”

“आजची खेप अडकणार,” मागून दीर पुटपुटले.

“अडकू दे, भाऊजी.”

वाचकहो, निर्बंध उठवावेत की ठेवावेत, यावर आपण घरोघरी तावातावाने भांडतो. भांडूया, प्रश्न मोठा आहे. पण कुलूप काढायच्या आधी एवढं विचारूया: आपल्या हाताखालचा माणूस ‘मला बरं वाटत नाही’ असं आपल्याला न घाबरता सांगू शकतो का? ज्या दिवशी तो सांगू शकेल, त्या दिवशी दार उघडायला हरकत नाही.