पाचव्या खांबाखालची वाळू

भूकंपात आमच्या पुलाचा एकच खांब खचला, पाचवा, आणि चौकशी लागली ती माझ्या धाकट्या भावामागे. खांबांचं काँक्रीट त्याने ओतून घेतलं होतं. सिमेंट खाल्लं म्हणत लोकांनी त्याच्या दारावर दगड मारले. त्या काँक्रीटला पाणी मारायचा एक दिवसही त्याने चुकवला नव्हता, हे मला पक्कं माहीत. तीन महिने मी त्याला धीर देत होतो. धीर द्यायला माझं काय जात होतं?

माझा धंदा जमीन तपासायचा. भोक पाडायचं, त्यात रॉड उभा करायचा, ठरलेल्या उंचीवरून त्यावर घण सोडायचा आणि रॉड फूटभर खाली जायला किती घाव लागतात ते मोजायचं. घाव जास्त, तर जमीन घट्ट. पाया किती खोल न्यायचा ते त्यावर ठरतं.

पूल बांधण्याआधी पाचव्या खांबाच्या जागी आमचं यंत्र चिखलात रुतून बसलं. साहेब म्हणाले, "चौथ्याचेच आकडे चढवा. तीस पावलांवर जमीन काय वेगळी असणार?" आमच्यात हे सर्रास चालतं. मी तर हुशार. हुबेहूब दिसू नयेत म्हणून एकोणतीसचे एकतीस केले.

चौकशीच्या बाईंनी तिथेच नवं भोक पाडायला लावलं आणि घावांच्या आकड्यांचा जुना तक्ता घेऊन मला बोलावलं. भाऊही आला, दाढी वाढलेली.

"दादा, तू आहेस ते बरं झालं," म्हणाला. मोजायचं काम त्याने मागून घेतलं.

"एक. दोन. तीन. चार."

रॉड फूटभर गेलासुद्धा. खाली नुसती भुसभुशीत ओली वाळू. जमीन हादरली की ती पातळ होऊन सरकते. मग वर पोलादाचा खांब असला तरी काय उपयोग?

भावाने तक्त्यात त्या खोलीवर बोट ठेवलं. एकतीस. माझं अक्षर तो ओळखतो. शाळेत त्याच्या वह्यांवर नाव मीच घालायचो.

त्याने बोट उचललं. मग म्हणाला, "माझंच मोजणं चुकलं असेल, बाई."

"त्याला सवय नाही या कामाची," मी म्हणालो. हे माझ्याच तोंडून निघालं.

"मग पुढचा फूट तुम्ही मोजा," बाई म्हणाल्या.

घण सुटला. मी मोठ्याने मोजलं. चौथ्या घावाला रॉड फूटभर गेला. सगळे माझ्याकडे बघत होते. एकटा भाऊ तेवढा बघत नव्हता.