सगळ्या शाखांना एकच कुलूप

आमची रूपाली दिवसभर माडीवर लॅपटॉप घेऊन बसते. गल्लीतल्या बायका विचारतात, "राजमतीआक्का, सून नेमकं करती काय?" मी सांगते, कुलपं लावती. मग त्या एकमेकींकडे बघतात. बघू देत. ज्यांच्या सुना फोनवर दुसऱ्यांची लग्नं बघत बसतात, त्यांना माझ्या सुनेचं काम कळायला जरा वेळ लागणारच.

आमचं घर बेळगावात, उद्यमबागेच्या मागं. माझं माहेर निपाणीचं. धाकटा भाऊ बाबगोंडा तिथल्या संस्थेचा चेअरमन. संस्थेचा मोठा दवाखाना निपाणीला, शाळा चिकोडीला, नर्सिंग कॉलेज बेळगावात, लहान दवाखाना उचगावला. या सगळ्यांची कागदपत्रं आता कपाटात नसतात, क्लाउडवर असतात, आणि प्रत्येक शाखेचं तिथं वेगळं खातं. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. दुसऱ्याची वखार भाड्यानं घ्यायची आणि आपला माल आत ठेवायचा. माझ्या माहेरी तंबाखूच्या वखारी होत्या, एवढं कळायला मला पदवी लागत नाही. वखार त्याची, पण दाराला कडी लावली की नाही ते आपण बघायचं.

आधी एक माणूस एकेका खात्यात शिरून हातानं कड्या लावायचा. चिकोडीची लावली की उचगावची राहायची. संस्थेनं हे काम करारानं रूपालीला दिलं आणि तिनं ते बंद केलं. कुणाला आत सोडायचं, काय उघडं राहता कामा नये, हे सगळं ती एका जागी लिहून ठेवते. त्याला कोड म्हणतात. तो चालवला की सगळ्या शाखांना नियम एकदम लागतो. आणि लागायच्या आधी कोड स्वतःच सांगतो, इथं हे बदलेल, तिथं ते बदलेल, बघून घ्या. शिवाय आपलं लिहिलेलं आपणच पास करायचं नाही. संस्थेच्या ऑफिसातली सुनयना ते ओळ न् ओळ वाचते, मगच पुढं. मला ही रीत फार आवडली. स्वयंपाक करणारीनंच "छान झालाय" म्हणायचं नाही, असा माझ्याही घरात नियम आहे.

एका दुपारी मी तिला ताक घेऊन वर गेले. लॅपटॉपवर शाखांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढं हिरवा चौकोन. एकच लाल.

"हे लाल काय गं?"

"काय न्हाय आत्ती, असंच."

"असंच लाल असाय मिरची हाय व्हय ती?"

रूपालीनं ग्लास बाजूला ठेवला. "निपाणीचा दवाखाना हाय. मामांचा. त्याला आपला नियम लावला न्हाय. मुद्दाम सोडलाय."

नवऱ्याचा मामा म्हणून बाबगोंडाला ती मामा म्हणते.

"का सोडलायस?"

"मामा म्हणाले, माझ्या शाखेला हात लावू नको. रिपोर्ट उघडे असले की डॉक्टरांना, विमेवाल्यांना नुसती लिंक पाठवली की झालं. मोठी माणसं, आत्ती. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा कायतरी मागितलं त्यांनी. न्हाय कसं म्हणू?"

हे आमच्याकडचं दुखणं आहे. नियम करायचा सगळ्यांसाठी आणि सगळ्यात आधी त्यातून घरातल्या मोठ्याला वगळायचं. मान म्हणून. लग्नात बाकीची माणसं रांगेत उभी, आणि मामा थेट पंगतीत.

"उघडे म्हणजे किती उघडे?"

तिनं माझा फोन मागून घेतला. "तुमचाच दाखवते. दुसऱ्याचा बघायचा मला हक्क न्हाय." तिनं लिंक पाठवली, मी बोट लावलं. पासवर्ड नाही, काही विचारणं नाही. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा रिपोर्ट समोर. वर नाव आणि नावापुढं वय. खरं वय. गल्लीत मी सांगते ते नव्हे.

"हे कुणालाबी दिसतंय?"

"लिंक ज्याच्या हातात पडंल त्याला. आणि लिंका काय, गावभर फिरत्यात."

आधी मला वयाचाच राग आला, खोटं कशाला सांगू? मग मालुबाई आठवली. मालुबाई हे तिचं खरं नाव नव्हे, खरं मी इथं लिहिणार नाही. माझी निपाणीची मैत्रीण. छातीत गाठ निघाली तेव्हा मीच तिला त्या दवाखान्यात नेलं. लेकीचं लग्न ठरत होतं, नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. मी शब्द दिला होता, माझ्या भावाचा दवाखाना आहे, भिंतीला कळायचं नाही.

"आत्ताच्या आत्ता कडी लाव," मी म्हटलं.

"अशी लावत न्हाईत, आत्ती." या घरात मला 'न्हाय' ती पहिल्यांदाच म्हणाली. "एकदम बंद केलं आन् कोल्हापूरच्या डॉक्टरला रिपोर्टच मिळाला न्हाय तर? पेशंट टेबलावर असंल. आधी दुसरा रस्ता करते, मग हा बंद."

"आणि तुझा मामा?"

"पुढच्या महिन्यात माझ्या कामाचा करार संपतोय. नव्यावर मामांचीच सही लागती."

"म्हणून भितीस?"

"भिते की. पण आज तुमचं वय कळल्यावर त्याच्यापेक्षा जास्त भ्याले."

मी ग्लास घेऊन खाली आले. हसले ते जिन्यात, तिच्यासमोर नाही.

तिनं नव्या तऱ्हेच्या लिंका केल्या. ज्या डॉक्टरच्या नावानं पाठवल्या त्यालाच उघडतात आणि दिवसभरानं आपोआप मिटतात. आधी उचगावला खोटा पेशंट घालून करून बघितलं. सुनयनानं एकदा चूक काढून परत पाठवलं, तर आमची बया तोंड न पाडता पुन्हा बसली. निपाणीच्या डॉक्टरांना फोन करून समजावलं, मामांना रीतसर कळवलं. मामांनी ते वाचलं नाही, आमच्या बाबगोंडाला वाचायला वेळ कधी होता? मग तिनं कोडातली निपाणीला वगळणारी सवलतीची ओळ काढून टाकली आणि कोड चालवला. लाल चौकोन हिरवा झाला. मी शेजारीच उभी होते. माझ्या लेकानं, अरिहंतानं, कारखान्यात पहिलं मशीन बसवलं तेव्हाही मी इतकी टक लावून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबगोंडाच्या कॉम्प्युटरवाल्यानं हातानं कडी काढली. थोड्या वेळानं ती पुन्हा लागलेली. त्यानं पुन्हा काढली, पुन्हा लागली. कोड फेरी मारत असतो, लिहिल्यापेक्षा वेगळं दिसलं की पूर्वीसारखं करून ठेवतो. बाबगोंडाचा मला फोन.

"आक्का, तुझ्या सुनंनं दवाखान्यात भूत सोडलंय!"

"भूत न्हाय रं, सूनच हाय. भूत परवडलं."

सकाळी न्याहारीच्या वेळेला त्याची गाडी दारात. चप्पल काढायच्या आधीच आवाज सुरू.

"माझ्या दवाखान्यात माझंच चालंना? चेअरमन मी हाय का ती? आक्का, तू सांग तिला!"

माझ्या जिभेवर पुष्कळ होतं. पण रूपाली लॅपटॉप घेऊन खाली आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मामा, सवलत देता येती की. कुणालाबी. फक्त कारण लिहावं लागतंय आणि कुणी सांगितलं त्याचं नाव. सुनयना वाचती, सगळ्या शाखांचे प्रमुख वाचतात. मागच्या टायमाला मी कारण लिहिलंच न्हवतं, ती चूक माझी. सांगा, लिहिते."

बाबगोंडा सावरून बसला. "लिही. कामाला सोपं पडतंय."

"त्याला नवी लिंक हाय. काल दिवसभर तुमच्या डॉक्टरांचे रिपोर्ट तिच्यावरनंच गेले. कुणाचंच अडलं न्हाय. विचारा त्यांना."

त्यानं कुणाला विचारलं नाही. मग म्हणाला, "तर मग लिही, चेअरमन म्हणतात म्हणून."

तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "निपाणी दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट कुणालाही बघता यावेत. कारण, चेअरमन म्हणतात म्हणून. सांगणारे, बाबगोंडा पाटील." आवाजात टोमणा नाही, काही नाही. मी असते तर शंभर टोमणे घातले असते आणि बाबगोंडा हट्टालाच पेटला असता. "बरोबर हाय का, मामा? पाठवू सुनयनाला?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाचाय लई वाईट दिसतंय गं."

"तुमचंच शब्द हाईत."

"खोड ते."

"कारण खोडू, का आख्खं?"

"आख्खं खोड म्हणतो न्हवं!"

तिनं खोडलं. मी मालुबाईचं नाव ओठांवर आलेलं गिळलं. मीच बोलून मोकळी झाले असते तर या पोरीनं लावलेल्या कडीचा उपयोग काय?

बाबगोंडानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग हळूच म्हणाला, "सूनबाई, त्या सगळ्यांत माझाबी रिपोर्ट असंल न्हाय?"

"असंल, मामा."

"कशाचा हाय, बघितलास?"

"न्हाय. मला बघायचा हक्क न्हाय. आता तर उघडायचाबी न्हाय."

"करार मिटिंगला घेऊन ये," म्हणाला. "सही करतो. हे असंच ऱ्हाऊ दे. पक्कं."

"कसला रिपोर्ट रं, बाबगोंडा?" मी विचारलं.

"बिडु, आक्का, बिडु," सोड म्हणून कानडीत सांगत त्यानं उप्पिटाची ताटली ओढली.

तो गेल्यावर मी रूपालीला विचारलं. गोडीनं विचारलं, सासूपणानं विचारलं, त्याची थोरली बहीण म्हणूनही विचारलं. मला अजून काही कळलेलं नाही. अशी माझी सून कुलपं लावते.