दुर्गाबाईंचा डावा पाय

हसनैनभाईंनी मेडिकल कॉलेजातल्या शवविच्छेदन हॉलच्या दाराशी चपला काढल्या.

"राहू द्या, चाचा. खाली औषध सांडलेलं असतं," शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर रागिणी म्हणाल्या.

हसनैनभाईंनी त्या पुन्हा घातल्या.

टेबलावर चादरीखाली दुर्गाबाई होत्या. बावीस वर्षांपूर्वी बार्शीटाकळीच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या हसनैनभाईंनी तापासाठी त्यांच्या कुल्ल्यात सुई दिली आणि डावं पाऊल लुळं पडलं. कंपाउंडरने नस मारली, असा गावाने निकाल दिला, आणि गावाच्या निकालावर अपील नसतं. हसनैनभाईंनी सुई टाकून दाभण घेतला आणि ते गाद्या शिवू लागले. गादीला नस नसते. एकट्या दुर्गाबाई पाय ओढत सांगत फिरायच्या,

"सुई हसनैनभाऊची नीट होती. पायच माहा हेकट."

यावर कुणाचा विश्वास बसला नाही. हसनैनभाईंचा तर मुळीच नाही.

दुर्गाबाई गेल्या ते साल दोन हजार सहा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे शेजारच्या पोस्टमार्टेमच्या खोलीला उसंत नव्हती आणि या हॉलला शिकण्यापुरता देह मिळत नव्हता. अशात दुर्गाबाई जिवंतपणीच अकोल्याला येऊन देहदानाचा फॉर्म भरून गेल्या होत्या.

"सुई कुठे दिली होती?" रागिणींनी विचारलं.

हसनैनभाईंनी स्वतःच्या कमरेखाली, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मीही पोरांना हीच जागा शिकवते." रागिणींनी चादरीचा कोपरा उचलला. "इथून एकच जाड नस निघते, मांडीत खाली गेल्यावर तिच्या दोन होतात. यांच्या मात्र वर कुल्ल्यातच दोन झाल्यात. एक नेहमीच्या वाटेनं गेली. ही दुसरी बघा, आडवाटेनं, थेट तुमच्या सुईखाली. पुस्तकात वाचलं होतं. टेबलावर पहिल्यांदा पाहतेय."

"अन् उजवीकडं?"

"सरळ."

हसनैनभाईंनी वाकून ती पांढुरक्या दोरीसारखी नस पाहिली.

"तिले कसं कळलं, मॅडम?"

"कळलं नसावं."

"मंग सरळ निघाली असती त?"

रागिणींनी फॉर्मला टाचलेली चिठ्ठी पुढे केली. अक्षर दुर्गाबाईंच्या मुलाचं, खाली त्यांचा अंगठा. हसनैनभाईंनी चष्मा पुसून वाचली.

'डावा पाय आधी पाहा. नस हेकट निघाली, त हसनैनभाऊले बोलावून दाखवा. सरळ निघाली, त झाकून द्या. कोणाले सांगू नका.'